कर्तरी खेळ, कर्मणी जाहिरात

मी फोनवर आकड्यांची कोडी सोडवते. कुठे नंबर लागायला वेळ असला किंवा बैठक सुरू व्हायची असली की एखादं कोडं काढायचं, एवढंच माझं गेमिंग. कोडं अडलं की गेम म्हणतो, इशारा देतो, पण आधी जाहिरात बघा. जाहिरात तीस सेकंदांची. ती बंद करायची फुली वेळ संपल्यावरच कोपऱ्यात उगवते, आणि तीही मुंगीच्या डोळ्याएवढी. या तीस सेकंदांसाठी माझ्या हाताला एक सवय लागली आहे. मी फोन मांडीवर उपडा ठेवते. शेजारी कोणीतरी बसलेलं असतं आणि स्क्रीनवर काय येईल याचा नेम नसतो.

बरेचदा एक बाई येते. कधी साखळदंडात असते, कधी हौदात, कधी राजासमोर गुडघे टेकून. छाती तिच्या बाकीच्या देहाच्या हिशेबात न बसणारी, डोळ्यांत पाणी किंवा आमंत्रण, काही वेळा दोन्ही एकदम. खाली दोन बटणं: ‘ठेवून घ्या’ आणि ‘हाकलून द्या’. एकदा चिकाटीने मी तो गेम उतरवून घेतला. दोन दिवस लाकूड तोडलं, धान्य साठवलं, तटबंदी वाढवली, भालाईत तयार केले. ती बाई काही आली नाही. आडात नाही ते पोहऱ्यात येत नाही म्हणतात. इथे सगळं उलटं होतं.

गंमत अशी की या सगळ्या व्यवहारात लाज एकट्या मला वाटते. जाहिरात बनवणारा तिथे नसतो, दाखवणारा नसतो, पैसे घेणारा तर नसतोच. फोन लपवणारी मी असते, जणू ते चित्र मीच काढलंय.

या विषयावर बोलायला लागलं की पहिला प्रश्न कपड्यांचा निघतो. एक बाजू म्हणते, अंगप्रदर्शन फार झालं, बंदी घाला. दुसरी म्हणते, तुम्हाला उघड्या अंगाचं वावडं आहे, तुम्ही खेळूच नका. दोघांची चर्चा शेवटी इंचांत चालते. मला त्या मोजपट्टीत रस नाही. पायघोळ झग्यातली बाईसुद्धा वस्तू होऊ शकते आणि जवळपास विवस्त्र बाई आपल्या मर्जीची मालक असू शकते. मला शाळेतलं व्याकरण जास्त उपयोगी वाटतं.

‘ती दार उघडते.’ हा कर्तरी प्रयोग. क्रियापद कर्त्याच्या मागे चालतं. आता हे वाक्य बघा: ‘त्याने बाई पाहिली.’ हा कर्मणी. क्रियापद बाईच्या लिंगवचनाप्रमाणे चालतं, वाक्याचा सगळा डामडौल तिच्याभोवती आहे, पण बाईने काहीच केलेलं नाही. जे काही केलं ते मागे तृतीयेचा प्रत्यय लावून उभ्या असलेल्या ‘त्याने’. व्हिडिओ गेमच्या जाहिरातीतली बाई नेमकी या जागी असते. प्रकाश तिच्यावर, कॅमेरा तिच्यावर, चित्राचा निम्मा भाग तिचा, आणि कर्ता चित्राबाहेर.

आणि हे घडतं कुठे, तर गेमसारख्या माध्यमात. गेममध्ये बटण दाबलं नाही तर काहीही होत नाही. पळा, उडी मारा, चूक करा, पुन्हा करा. बघत बसणाऱ्याला तिथे कामच नाही. इतकं कर्तरी माध्यम दुसरं नसेल. त्याची जाहिरात मात्र वर्षानुवर्षं कर्मणीत लिहिली गेली.

ही खोड माध्यमाइतकीच जुनी आहे. १९७१ साली नटिंग असोसिएट्स या कंपनीने ‘कॉम्प्युटर स्पेस’ बाजारात आणला. नाणं टाकून खेळायचा, व्यापारी तत्त्वावर विकला गेलेला तो पहिला व्हिडिओ गेम. अवकाशयान चालवायचं, तबकड्या पाडायच्या. त्याच्या माहितीपत्रकावर यंत्राला रेलून उभी आहे आरपार दिसणाऱ्या झग्यातली एक तरुणी. तिचा अवकाशाशी संबंध काय, हे तेव्हाही कोणी विचारलं नसावं. दोन वर्षांनी अटारी या कंपनीने ‘गॉचा’ काढला. चक्रव्यूहात एकाने दुसऱ्याचा पाठलाग करायचा, इतका साधा खेळ. माहितीपत्रकावर रात्रीच्या झग्यातल्या बाईमागे धावणारा पुरुष, आणि यंत्रावर नेहमीच्या दांड्यांच्या जागी गुलाबी रबरी घुमट, स्तनांच्या आकाराचे. ही कल्पना फार टिकली नाही, पुढे साध्या दांड्या आल्या. पण खेळात नसलेली बाई खेळाच्या दारात उभी करायची रीत पडून गेली.

याला पर्याय नव्हता असं मुळीच नाही. १९८० साली तोरु इवातानी यांनी ‘पॅक-मॅन’ रचला तो मुळात बायकांनाही गेमच्या अड्ड्यावर यावंसं वाटावं म्हणून. तिथली पुरुषी, मारधाडीची हवा बदलावी म्हणून त्यांनी खाण्याची कल्पना निवडली आणि भुतांनाही गोंडस रंग दिले. जगातल्या सर्वांत गाजलेल्या गेमपैकी एक असा जन्माला आला, कोणाचंही अंग न दाखवता. मग १९८३मध्ये अमेरिकेतला गेमचा बाजार कोसळला. त्यानंतर निन्टेन्डो या जपानी कंपनीने आपलं यंत्र तिथे खेळणं म्हणून विकायला आणलं. खेळण्यांच्या दुकानात मुलांचा कप्पा वेगळा, मुलींचा वेगळा. गेम मुलांच्या कप्प्यात गेला. ती मुलं मोठी होत गेली तशा जाहिराती त्यांच्या वयाबरोबर मोठ्या झाल्या, शहाण्या झाल्या नाहीत. जाहिरातीने आधी गिऱ्हाईक घडवलं आणि मग त्याच्याकडे बोट दाखवून म्हणाली, बघा, आमच्याकडे मुलगेच तर येतात.

नव्वदच्या दशकात लारा क्रॉफ्ट ही गेमची नायिका आली, आणि माझा मुद्दा तिच्याइतका स्वच्छ दुसरं कोणीच दाखवत नाही. १९९६च्या ‘टूम रेडर’मध्ये ती काय करते? कडे चढते, पाण्याखालून पोहते, जुनी थडगी उघडते, लांडग्यांना आणि एका डायनासोरला गोळ्या घालते. शरीर अवास्तव आहे, मान्य. पण खेळताना तुम्हाला बहुतेक वेळ तिची पाठ दिसते आणि तिच्यासमोरचा कडा दिसतो. लक्ष कड्यावर असतं, कारण चुकलात तर ती मरते. जाहिरातीत मात्र ती वळून आपल्याकडे बघते. कडा नाही, लांडगा नाही, कंबरेवर हात. मॉडेल नेमून तिला लाराच्या वेषात प्रदर्शनांतून फिरवलं गेलं. तिचा निर्माता टोबी गार्ड १९९७ साली कंपनी सोडून गेला, तेव्हा तिला ज्या तऱ्हेने विकलं जात होतं त्याबद्दलची नाराजी हे त्यामागचं एक कारण होतं. आपण लिहिलेलं कर्तरी वाक्य दुसऱ्याने कर्मणीत फिरवलं तर लेखकाला जे वाटेल, तेच त्याला वाटलं असणार.

पुढची गोष्ट अधिक बोलकी आहे. २०१३मध्ये लारा नव्याने घडवली गेली. अंगभर विजार, चिखल, जखमा, माणसाचं वाटेल असं शरीर. कपड्यांच्या मोजपट्टीने पाहिलं तर प्रश्न सुटला. पण त्याआधी, २०१२च्या प्रसिद्धीत, कार्यकारी निर्मात्याने मुलाखतीत सांगितलं की खेळाडूंना तिचं रक्षण करावंसं वाटेल. त्याच ओघात तिच्यावरच्या बलात्काराच्या प्रयत्नाचाही उल्लेख आला आणि स्टुडिओला खुलासे करत बसावं लागलं. म्हणजे विजार आली तरी वाक्य तेच राहिलं: ‘त्याने तिला वाचवलं.’ खेळ हाती आल्यावर लोकांना दिसलं की वाचवणारी तीच आहे. त्या गेमच्या पुढे १ कोटी ४५ लाख प्रती खपल्या. नायिकेला गुडघ्यावर आणल्याशिवाय माल खपत नाही म्हणणाऱ्यांनी हा आकडा कुठेतरी लिहून ठेवायला हरकत नाही.

आणि बायोनेटा. मला आवडणाऱ्या, पण माझी पंचाईत करणाऱ्या या बाईबद्दल बोलायलाच हवं. २००९चा जपानी गेम. नायिका चेटकीण, चष्मा लावते, तिचा पोशाख तिच्याच केसांचा आहे, आणि मोठं मायाजाल टाकताना ते केस अस्त्र होऊन सुटतात, त्यामुळे अंग उघडं पडतं. तिचं रूप रेखाटलं मारी शिमाझाकी या स्त्री कलाकाराने. बायोनेटा मादक आहे आणि तिला ते ठाऊक आहे, ती त्याची मजा घेते आणि समोरच्या देवदूतांच्या चिंधड्या उडवते. ती स्त्रीच्या बाजूची की पुरुषी नजरेची, यावर गेली अनेक वर्षं भांडणं चालू आहेत आणि ती चालू राहावीत. पण गेमची प्रकाशक सेगा हिने तिची जाहिरात कशी केली? तोक्योच्या शिंजुकू स्थानकात तिचं भलंमोठं चित्र लावलं आणि त्यावर छोटी पत्रकं चिकटवली. येणाऱ्याजाणाऱ्याने एकेक पत्रक काढून न्यायचं. जसजशी पत्रकं निघतील तसतशी खालची बाई उघडी पडत जाईल. गेममध्ये ती स्वतःचे केस स्वतः सोडते. स्थानकात तिला शेकडो हातांनी सोललं. कातडी तेवढीच दिसली असेल, कदाचित कमीच. पण दोन्हींत जे अंतर आहे ते मोजपट्टीला दिसत नाही, व्याकरणाला दिसतं.

या वाटेवरून थोडं पुढे गेलं की बाईचं डोकंच नाहीसं होतं. हे अलंकारिक नाही. २०१२ साली फ्रान्समध्ये सोनीच्या, हातात धरून खेळायच्या यंत्राची एक छापील जाहिरात आली. यंत्राला पुढून आणि मागून, दोन्हीकडून स्पर्श करता येतो, हे सांगण्यासाठी तिच्यात एक बाई होती. पुढे दोन स्तन, मागे दोन स्तन. डोकं नाही. पुढच्याच वर्षी, जानेवारी २०१३मध्ये, ‘डेड आयलंड: रिपटाइड’ या झोंबींच्या गेमची संग्राहकांसाठीची आवृत्ती जाहीर झाली. तिच्याबरोबर भेट म्हणून शोकेसमध्ये ठेवायला बिकिनीतलं रक्ताळलेलं धड मिळणार होतं. हात तोडलेले, पाय नाहीत, डोकं नाही. छाती मात्र शाबूत. झोंबी मोठे चोखंदळ असावेत. आरडाओरडा झाल्यावर डीप सिल्व्हर या प्रकाशकाने माफी मागितली. आणि २००६च्या ‘हिटमन: ब्लड मनी’ची जाहिरात: पलंगावर अंतर्वस्त्रांत पहुडलेली तरुणी, कपाळावर गोळीचं भोक, आणि ‘सुंदर रीतीने ठार’ अशा अर्थाची ओळ. जाहिरातींच्या त्या मालिकेत इतर मृतदेहही होते. पण मेल्यावरही आकर्षक दिसण्याची जबाबदारी हिच्यावर होती.

तत्त्वज्ञ मार्था नुसबॉम यांनी १९९५ साली माणसाला वस्तू बनवण्याच्या सात तऱ्हा वेगळ्या करून मांडल्या. साधन म्हणून वापरणं, निर्णयाचा हक्क नाकारणं, निष्क्रिय मानणं, मालकी सांगणं, तिला काही वाटतं हेच न मोजणं, मोडायला हरकत नाही असं समजणं, आणि एकीच्या जागी दुसरी चालेल असं धरणं. ही शेवटची तऱ्हा मला सर्वांत महत्त्वाची वाटते. डोकं कापायचं ते यासाठी. चेहरा असला की ती कोणीतरी असते, ‘ही’ असते. धड कोणाचंही चालतं.

‘पुरुषांचंही तेच करतात की,’ असा उलट प्रश्न येतो. गेममधल्या पुरुषांचे दंड घरातल्या उशांएवढे असतात, हे खरं आहे. पण तो दंड कुऱ्हाड धरतो. त्याची अतिशयोक्ती कर्त्याची आहे. ‘मला असं होता आलं तर’ असं खेळणाऱ्या मुलाने म्हणावं म्हणून तो तसा काढला आहे. बाईची अतिशयोक्ती ‘मला अशी मिळाली तर’ यासाठी काढलेली असते. कॅरन डिल आणि कॅथरिन थिल यांनी गेमच्या खपाच्या मासिकांतली चित्रं तपासली होती. २००७ साली आलेल्या त्यांच्या अभ्यासात स्त्री पात्रांपैकी ६० टक्के लैंगिक ढंगाने दाखवलेली आढळली, पुरुष पात्रांपैकी १ टक्का. साठास एक. ‘तेच’ म्हणायला हे प्रमाण जरा जड जातं.

दुसरा आक्षेप मात्र मी गंभीरपणे घेते. असल्या चित्रांनी मुलगे बिघडतात, बायकांकडे वाईट नजरेने बघायला लागतात, याचा पुरावा काय? प्रामाणिक उत्तर असं की पुरावा पक्का नाही. गेममधल्या लैंगिक चित्रणाबद्दलचे अभ्यास एकत्र करून २०२२ साली जे विश्लेषण प्रसिद्ध झालं, त्यात खेळाडूंच्या मनातला स्त्रीद्वेष किंवा त्यांचं मानसिक स्वास्थ्य यांच्याशी ठोस संबंध दिसला नाही. तेव्हा ‘आज जाहिरात पाहिली, उद्या छेड काढली’ असली सोपी साखळी मी जोडणार नाही. ज्यांनी ती जोडली त्यांनी आपलीच बाजू कमकुवत केली. माझी तक्रार बघणाऱ्या मुलाच्या डोक्यात काय शिरलं याची नाहीच. दारावरच्या पाटीने कोणाला ताप आला का, हे सिद्ध व्हायची वाट न बघता ती पाटी कोणाला आत बोलावते आणि कोणाला नाही, हे वाचता येतं. अमेरिकेतल्या गेम उद्योगाच्या संघटनेच्या २०२३च्या अहवालात खेळणाऱ्यांपैकी ४६ टक्के स्त्रिया आहेत. जवळजवळ निम्मं गिऱ्हाईक आत येताना मान खाली घालून, फोन उपडा ठेवून येतं.

बरं, याने धंदा तरी होतो का? ‘अंग दाखवा, माल खपेल’ ही जाहिरात क्षेत्रातली जुनी श्रद्धा. २०१५मध्ये रॉबर्ट लल आणि ब्रॅड बुशमन यांनी ५३ प्रयोग, सुमारे साडेआठ हजार माणसं, असा मोठा पसारा एकत्र करून पाहिला. हिंसा आणि लैंगिकता यांनी माल खपतो असं त्यांना आढळलं नाही. दोन वर्षांनी ७८ अभ्यासांच्या आणखी एका एकत्रित विश्लेषणात दिसलं की लोकांच्या जाहिरात लक्षात राहते, ती कशाची होती ते राहत नाही, आणि विकत घ्यायची इच्छा काही वाढत नाही. नजर बाईवर खिळते आणि डब्यावरचं नाव वाचायचं राहून जातं.

मग ही जाहिरात मरत का नाही? इथे धंद्याचं गणित बदललं आहे, आणि मला वाटतं सगळी गोम त्यातच आहे.

या बदलाची चाहूल २००९ साली ‘इव्होनी’ने दिली. ब्राउझरमध्ये फुकट खेळायचा, नगर वसवायचा आणि फौजा उभारायचा गेम. सुरुवातीच्या जाहिरातींत निदान मध्ययुगीन काहीतरी होतं. मग एक बाई आली, ‘या सरकार, खेळायला या’ अशा धर्तीचं निमंत्रण देणारी. महिन्यामहिन्याने तिचे कपडे उतरत गेले आणि जाहिरातीतला गेमही त्यांच्याबरोबर उतरत गेला. शेवटी उरली नुसती छाती आणि गेमचं नाव. तटबंदी बांधण्याशी त्याचा बादरायण संबंधसुद्धा नव्हता. लोक हसले, पण हसताहसता त्यांनी नाव जगभर केलं. २०१४च्या अखेरीस ‘गेम ऑफ वॉर’ने हाच मामला श्रीमंती थाटात केला. मॉडेल केट अप्टन, कधी चिलखतात तर कधी स्नानगृहात, आणि सुमारे ४ कोटी डॉलरची मोहीम. आत पुन्हा धान्य, लाकूड, दगड.

आता एवढ्या पैशांचीही गरज उरलेली नाही. फोनवरच्या फुकट गेमची कमाई मूठभर माणसांकडून होते. शंभर जण उतरवून घेतात, बरेचसे दोन दिवसांत काढून टाकतात, एखाददुसरा पैसे ओततो. त्या एखाददुसऱ्याला गाठण्यासाठी जाळं टाकायचं असतं, आणि जाळं जितकं स्वस्त तितकं बरं. म्हणून एकाच गेमच्या पाचपन्नास जाहिराती बनवतात. एकीत कोडं, दुसरीत किल्ला, तिसरीत रडणारी बाई, चौथीत तीच बाई कमी कपड्यांत. सगळ्या सोडून द्यायच्या. जिच्यावर बोटं जास्त पडतील ती वाढवायची, बाकीच्या मारायच्या. कोणती दाखवायची ते जाहिरातदारांमधल्या लिलावातून ठरतं, आणि तो लिलाव माझं कोडं अडल्यापासून जाहिरात सुरू होईपर्यंतच्या क्षणात उरकतो. अभ्यास सांगतात की अशा जाहिरातीने विकत घ्यायची इच्छा वाढत नाही. इथे ती वाढायची गरजच नाही. बोट पडलं की झालं, आणि ते चुकून फुलीऐवजी भलतीकडे पडलं तरी चालतं. वैतागलेल्या नव्व्याण्णवांचा खर्च कोणाच्याच वहीत लिहिला जात नाही.

मराठी व्याकरणात एक अजब प्रयोग आहे, अकर्तृक भावे. ‘उजाडलं.’ ‘गडगडलं.’ ‘मळमळतंय.’ वाक्य पुरं, क्रिया झालेली, पण कर्ता शोधून सापडत नाही. आजची गेमची जाहिरात या प्रयोगात पोहोचली आहे. कंपनीला विचारा, ती म्हणते, जाहिराती बाहेरच्या एजन्सीने केल्या. एजन्सी म्हणते, आम्ही पन्नास केल्या, आकड्यांनी ही निवडली. जाहिरात पुरवणारं जाळं म्हणतं, आम्ही फक्त लिलाव करतो. कोड्याचा गेम म्हणतो, जाहिरात आमची नाही. दाखवलं गेलं. झालं. गडगडलं.

जुन्या जाहिरातींना निदान धनी होता. २००९मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने ‘दान्तेज इन्फर्नो’ या गेमसाठी सॅन डिएगोच्या मेळ्यात स्पर्धा लावली होती. स्टॉलवरच्या मॉडेल मुलींबरोबर ‘वासनेचं कृत्य’ करून फोटो पाठवा, बक्षीस म्हणून दोन सुंदर मुलींबरोबर एक संध्याकाळ. गदारोळ झाला, कंपनीने माफी मागितली. २००६ साली ई-थ्री या मोठ्या गेम प्रदर्शनाने तोकड्या कपड्यांतल्या मॉडेल उभ्या केल्यास ५,००० डॉलर दंड जाहीर केला होता, तोही कोणाला तरी भरावा लागणारा. (दंड कपड्यांचा होता, पूर्ण कपड्यांतली बाई शोभेला उभी केली तर चालत होतं. पुन्हा मोजपट्टी.) पण माफी मागायला माणूस होता. आज माफी कोणी मागायची हेच कळत नाही.

दरम्यान गेम स्वतः सुधारत गेले आहेत, हे विसरून चालणार नाही. १९८३ ते २०१४ या काळातले ५७१ गेम तपासणाऱ्या एका अभ्यासात दिसलं की नायिकांचं लैंगिक चित्रण नव्वदच्या दशकात टिपेला पोहोचलं आणि पुढे उतरत गेलं. मालात सुधारणा झाली आणि वेष्टन खालावलं, असा हा विचित्र काळ आहे. मजा म्हणजे ज्या कोड्यांच्या आणि घर सजवायच्या गेमचं गिऱ्हाईक मुख्यतः बायका आहेत, त्यांच्याही जाहिराती पाहा. नवऱ्याने टाकलेली, अंगावर केस वाढलेली, बर्फात फाटक्या कपड्यांत कुडकुडणारी बाई. तिला चुकीचं औषध द्या, तिची आणखी फजिती बघा. खेळणारी बाई, हसण्याचा विषयही बाई.

उपाय म्हणून मला अश्लीलतेचे कायदे नकोत. ते मोजपट्टी घेऊन येतात, आणि पहिल्यांदा बायोनेटासारख्या, स्वतःचं शरीर स्वतः वापरणाऱ्या पात्रावर पडतात. त्याहून साधी गोष्ट हाताशी आहे: खोटं बोलू नका. २०२० साली ब्रिटनच्या जाहिरात नियामकाने ‘होमस्केप्स’ आणि ‘गार्डनस्केप्स’च्या जाहिराती फसव्या ठरवल्या. जाहिरातीत पिना ओढायचं कोडं होतं आणि गेममध्ये मुख्यतः भलतंच होतं. तिथे बाईचा प्रश्न नव्हता, फसवणुकीचा होता. पण तोच न्याय साखळदंडातल्या बाईला लावून पाहा. जाहिरातीत जे आहे ते गेममध्ये प्रामुख्याने असलं पाहिजे, एवढी एक अट पाळायची म्हटली तर माझ्या फोनवरच्या बहुतेक बायका रातोरात नाहीशा होतील, कारण त्या गेममध्ये नाहीतच. नीतीचा प्रश्न न काढता निम्मं काम होतं.

उरलेलं निम्मं कठीण आहे, हे कबूल. काही गेममध्ये ती बाई खरोखरच असते, आणि खरी जाहिरात अधिक वाईट निघू शकते. तिथे वयाचा शिक्का कामाला यायला हवा. गेमला वयाचं मानांकन मिळतं, अमेरिकेत १९९४पासून, युरोपात २००३पासून. पण आत वाजणाऱ्या जाहिराती दर क्षणाला बदलतात, त्या शिक्क्याच्या पोटात मावत नाहीत. लहान मुलं खेळतील अशा कोड्यात प्रौढांच्या गेमची जाहिरात सुखाने येऊन जाते. प्रौढांसाठीच्या मालाचा शिक्का मालाबरोबर जाहिरातीलाही चिकटला पाहिजे, यात क्रांतिकारक काही नाही. ब्रिटनमध्ये २०१९पासून लिंगभेदाच्या घातक साच्यांविरुद्धही नियम आहे. पण नियामक तक्रार आल्यावर हलतो, आणि तीस सेकंदांत येऊन गेलेल्या जाहिरातीची तक्रार करणार कशी? तिचं नाव आठवत नाही, आणि ती पुन्हा कधी येईल ते सांगता येत नाही.

म्हणून मला शोध घ्यायचा आहे तो त्या हरवलेल्या कर्त्याचा, आणि तो वाटतो तितका हरवलेला नाही. जाहिरात पुरवणारी मोठी जाळी गेम बनवणाऱ्यांना नियंत्रणं देतात. कोणत्या प्रकारच्या जाहिराती नकोत, कोणता जाहिरातदार नको, हे खुणा करून ठरवता येतं. खूण केली की लिलावात बोली लावणारे कमी होतात आणि कमाई थोडी घटते. म्हणजे माझ्या कोड्यात ती बाई आपोआप येत नाही. कोणीतरी एका चौकटीत खूण केलेली नाही म्हणून येते.

हे कळल्यावर मी त्या कोड्याच्या गेमवाल्यांना लिहिलं. सभ्य भाषेत, पडद्याचं चित्र जोडून. तुमचं कोडं मला आवडतं, ही जाहिरात अडवता येते, कृपया अडवा, इतकंच. चार दिवसांनी उत्तर आलं. माझ्या प्रतिसादाबद्दल त्यांनी आभार मानले होते आणि जाहिराती नको असतील तर जाहिरातमुक्त आवृत्ती माफक शुल्कात उपलब्ध असल्याचं कळवलं होतं. खाली सही नव्हती, ‘टीम’ असं लिहिलेलं होतं. मी पुन्हा लिहिलं आहे: खूण कोण करतं, त्या माणसाचं पद तरी कळवा.